घरच्या कुंडीत सेलरी लावायची आहे? मग बी सप्टेंबरमध्येच पेरा, जाणून घ्या पद्धत

सूप, सॅलड आणि चायनीज पदार्थांमुळे सेलरी आता आपल्या स्वयंपाकघरातही आली आहे. अडचण एकच. जुडी आणली की दोन दांडे वापरले जातात आणि बाकीची फ्रीजमध्ये मऊ पडते. घरी रोप असेल तर लागेल तेवढेच दांडे तोडता येतात. मात्र मेथी-पालकासोबत डिसेंबरमध्ये सेलरीचे बी टाकले, तर मेहनत वाया जाऊ शकते. असे का?

थंडीचे गणित

सेलरीला साधारण १५ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पेरणीपासून भरलेली जुडी मिळायला चार ते पाच महिने लागतात. आपली थंडी मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच. डिसेंबरमध्ये पेरलेली सेलरी ऐन वाढीत मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते. मग दांडे कडू आणि दोरेदार होतात. म्हणून महिने उलटे मोजा. फेब्रुवारीत काढणी हवी असेल, तर पेरणी सप्टेंबरमध्ये.

बी कसे पेराल?

- बी खूप बारीक असते. ते रात्रभर पाण्यात भिजवा.
- ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरा. बी वर पसरून हलके दाबा. उगवणीसाठी उजेड लागतो, त्यामुळे खोल गाडू नका.
- ट्रे थंड पण उजेडाच्या जागी ठेवा. पाणी स्प्रेनेच द्या.
- कोंब यायला दोन ते तीन आठवडे लागतात. आठवड्यात काही दिसले नाही म्हणून ट्रे रिकामा करू नका.

कुंडीत कधी हलवाल?

दोन महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, रोपांना चार-पाच पाने आली की ती हलवा. १२ इंची कुंडीत एकच रोप लावा. वाफ्यात दोन रोपांमध्ये २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. मातीत कुजलेले शेणखत भरपूर मिसळा. सकाळचे ऊन मिळेल अशी जागा निवडा.

पाण्याची हयगय नको

सेलरीची मुळे उथळ असतात. माती वारंवार सुकली तर दांडे निबर होतात. पाणी कधी कमी, कधी जास्त झाले की कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोहोचत नाही आणि मधला भाग काळा पडतो. माती सतत ओलसर ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. वरून पालापाचोळा पसरल्यास ओल टिकते.

काढणी कशी कराल?

दांडे वीतभर झाले की बाहेरचे आधी बुडाजवळून तोडा. मधला कोंब राखल्यास नवे दांडे येत राहतात.

मुंबई-कोकणात थंडी कमी असल्याने जाड दांड्यांची अपेक्षा ठेवू नका. पाने आणि बारीक दांडे मिळाले, तरी सूपला तोच स्वाद येतो.