चार विसा आणि सात
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले : ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे जे जगप्रसिद्ध भाषण केले, त्याची सुरुवात या शब्दांनी होते. ‘‘याचा अर्थ काय?’’ सरांनी विचारले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, ‘‘सर, चार बाद सात!’’ वर्गात हशा पिकला. क्रिकेट सोडून ‘स्कोअर’ या शब्दाशी आपला संबंध तो कितीसा?

सर हसले आणि म्हणाले, ‘‘स्कोअर म्हणजे वीस. आता सांगा.’’ त्यांचे वाक्य पुरे होते न होते तोच माझ्या तोंडून उत्तर गेले, ‘‘सत्त्याऐंशी.’’ इंग्रजीच्या तासाला सर्वांच्या आधी उत्तर देण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. माझ्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता. ‘चार विसा आणि सात’ ही भाषा मी लहानपणापासून घरात ऐकत आलो होतो. माझी आजी शाळेची पायरी चढलेली नाही. ती आजही ‘‘चार इसा आन् सात’’ असेच म्हणते. मी तिला कितीतरी वेळा टोकले आहे, ‘‘आजी, सत्त्याऐंशी म्हण. लोक हसतात.’’ आणि इथे अमेरिकेचा अध्यक्ष आजीच्याच रीतीने मोजत होता! त्या दिवसापासून या एका शब्दाचा मागोवा घ्यायचे मी ठरवले. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. ‘स्कोअर’ हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हे. नवव्या शतकापासून उत्तरेकडील समुद्रमार्गाने आलेले नॉर्स लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात स्थायिक झाले. त्यांच्या बोलीतले अनेक शब्द इंग्रजीत मुरले. ‘स्काय’, ‘एग’, ‘विंडो’ हे त्यांपैकीच. त्यांच्या भाषेत ‘स्कोर’ म्हणजे खाच, लाकडावर सुरीने पाडलेली खूण. या शब्दाचे मूळ ‘कापणे’ या अर्थाच्या एका अतिप्राचीन धातूत आहे. ‘शिअर’ म्हणजे लोकर कातरणे, ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड, इतकेच काय, ‘शर्ट’ आणि ‘स्कर्ट’ हेसुद्धा त्याच घराण्यातले आहेत. हे घराणे आपल्याही दारापर्यंत येते. संस्कृतातील ‘कृत्’, म्हणजे कापणे, हा धातू त्याच मूळ धातूचा वंशज. त्यापासून ‘कर्तरी’ आणि ‘कर्तरी’पासून आपली ‘कात्री’. म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री आणि फलकावरचा स्कोअर हे एकमेकांचे दूरचे नातलग ठरतात.

पण खाचेचा ‘वीस’ कसा झाला? अभ्यासक सांगतात ते असे : मेंढ्या किंवा इतर जिन्नस मोजणारा मनुष्य वीसपर्यंत तोंडाने मोजी आणि वीस पुरे झाले की हातातल्या काठीवर एक खाच पाडी. मग पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटी खाचा मोजल्या की हिशेब हातात. अशा रीतीने ‘एक खाच’ आणि ‘वीस’ यांचा अर्थ एकच होऊन बसला. लिहिता न येणाऱ्या माणसाची ही वही होती. मेंढपाळाला अंक गिरवण्याची गरज नव्हती. एक सुरी, एक काठी आणि वीसपर्यंतचे आकडे एवढ्यावर त्याचे भागत असे.

ही काठी केवळ मेंढपाळाच्या हातात राहिली असती तर तिची एवढी कथा झाली नसती. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिनाही अशाच काठ्यांवर चालत होता. या काठीला ‘टॅली’ म्हणत. रकमेप्रमाणे खाचेची रुंदी ठरलेली असे. हजार पौंडांना तळहाताएवढी, शंभर पौंडांना अंगठ्याएवढी, वीस पौंडांना करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी आणि पेनीला नुसता चिरा. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरून तिचे दोन भाग करीत. एक भाग पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्याकडे. पुढे वाद निघाला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहायचे. एकाने आपल्या तुकड्यावर खाच वाढवली, तर ती दुसऱ्याच्या तुकड्यावर सापडणार नाही. शिवाय लाकडाच्या रेषाच अशा की भलता तुकडा जुळणेच अशक्य. खजिन्याकडच्या तुकड्याला ‘फॉइल’ म्हणत. बँकेत पैसे भरताना जी स्थळप्रत आपण फाडून घेतो, तिच्या ‘काउंटरफॉइल’ या इंग्रजी नावात तो लाकडाचा तुकडा अजून जिवंत आहे.

कागद आला तरी या काठ्या चिवटपणे टिकून राहिल्या. त्या बंद करण्याचा कायदा १७८२ साली झाला आणि प्रत्यक्षात त्या १८२६ मध्ये बंद झाल्या. पुढे साठलेल्या जुन्या काठ्यांचे करायचे काय, असा प्रश्न पडला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत घालून जाळण्यात आल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की इमारतीने पेट घेतला आणि ब्रिटिश पार्लमेंटचा जुना वाडा जवळजवळ सगळा भस्मसात झाला. सहाशेहून अधिक वर्षे राज्याचा हिशेब सांभाळणाऱ्या काठ्या जाताना पार्लमेंट घेऊन गेल्या!

आता ‘स्कोअर’चे बाकीचे अर्थ सहज उलगडतात. दारूच्या गुत्त्यात गिऱ्हाइकाच्या उधारीच्या खुणा काठीवर किंवा खडूने फळीवर करीत. त्यामुळे ‘स्कोअर’ म्हणजे उधारी, आणि जुना स्कोअर चुकता करणे म्हणजे जुने वैर फेडणे. क्रिकेटच्या प्रारंभीच्या काळात धावा मोजणारा माणूस काठी घेऊन बसे आणि प्रत्येक धावेला खाच पाडी. तेव्हा धावेला खाचच म्हणत. तिथून ‘स्कोअर’ मैदानावर आला आणि मैदानावरून आपल्या गुणपत्रिकेत. संगीतात अनेक वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहून त्यांना उभ्या रेघांनी जोडतात. त्या रेघांवरून त्या लिखाणाला ‘स्कोअर’ हे नाव पडले असे म्हणतात. आणि वर्तमानपत्रात ‘स्कोअर्स’ लोक जखमी झाल्याची बातमी येते तेव्हा त्याचा अर्थ ‘चाळीस’ किंवा ‘साठ’ असा नेमका करायचा नसतो. आपण ‘डझनावारी’ किंवा ‘शेकड्यांनी’ म्हणतो तसाच तो मोघम शब्द आहे. भाषांतराच्या प्रश्नात हे विसरू नये.

विसांनी मोजणे ही इंग्रजांची मक्तेदारी नाही. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘चार विसा’. हा ‘व्हँ’ आपल्या ‘विंशति’चा सख्खा भाऊ आहे. पॅरिसमध्ये नवव्या लुई राजाने तेराव्या शतकात तीनशे अंधांसाठी स्थापन केलेल्या संस्थेचे नाव ‘पंधरा विसा’ या अर्थाचे असून ते आजही चालू आहे. डॅनिश भाषेत साठचा मूळ अर्थ तीन वेळा वीस. मध्य अमेरिकेतील माया लोकांची तर सारी गणनाच विसाच्या पायावर उभी होती. आपल्या देशात संथाळी भाषा विसांनी मोजते, बंगालीत वीसला ‘कुडी’ म्हणतात आणि हिंदीत ‘कोडी’. कारण उघड आहे. हातांची बोटे दहा आणि पायांची दहा. माणूस स्वतःवरच मोजायला शिकला.

आपल्या मराठीत तर या रीतीला आणखी एक सबळ कारण आहे. एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत आपल्या आकड्यांची नावे इतकी आडवळणी आहेत की ती पाठच करावी लागतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत पुष्कळांची आजही फसगत होते. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता! पाढे पाठ करायला जे कधी शाळेत गेले नाहीत, त्यांनी स्वतःपुरता तोडगा पूर्वीच काढला होता. वीसपर्यंतची नावे शिका आणि पुढे विसा मोजा. ‘पाच विसा शंभर’ एवढे ठाऊक असले की बाजार करता येतो.

आता एक घरची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी पाचवीत असताना आजी गावातल्या एका दुकानदाराकडे गोवऱ्या घालायची आणि त्या बदल्यात किराणा आणायची. वीस गोवऱ्या झाल्या की चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ. दिवाळीच्या आधी हिशेब झाला. भिंतीवर एकतीस रेघा होत्या, म्हणजे सहाशे वीस. दुकानदाराच्या वहीत निघाल्या पाचशे ऐंशी. आजी मला हाताला धरून घेऊन गेली, कारण घरात वाचता येणारा मी एकटा. मी वही वाचली. तीत पाचशे ऐंशीच लिहिले होते. मी तसे सांगितले. आजी एवढेच म्हणाली, ‘‘दोन इसा गेल्या.’’ भिंत काही उचलून दुकानात नेता येत नव्हती. आणि नेली असती तरी ती कोणी मानली असती?

टॅलीच्या काठीविषयी वाचताना मला तो दिवस आठवला. त्या काठीचा अर्धा भाग राजाकडे असे आणि अर्धा रयतेच्या माणसाकडे. हिशेबाचा पुरावा दोघांच्याही हातात होता. वहीचे तसे नाही. ती ज्याला लिहिता येते त्याच्याकडे असते. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या दुसऱ्या भागात १४५० सालच्या बंडाचा पुढारी जॅक केड एका सरदारावर आरोप ठेवतो की, आमच्या पूर्वजांचे स्कोअर आणि टॅलीवर भागत होते, तू शाळा काढून आणि पुस्तके छापून सारे बिघडवलेस. नाटकात हा प्रसंग हसण्याजोगा आहे, आणि शाळेवर राग काढणे चुकीचे आहे हे मलाही कळते. शाळेमुळेच मी हा लेख लिहितो आहे. पण केडला राग का आला असेल, हे मला त्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून थोडेसे कळले होते.

म्हणून मला वाटते, निरक्षर माणसाला मोजता येत नाही हा आपला, शिकलेल्यांचा, गैरसमज आहे. त्याला मोजता येते. त्याचे मोजणे कोणी मानत नाही एवढेच. आपण शिकतो ते त्याला हसण्यासाठी नव्हे. त्याच्या भिंतीवरच्या रेघा वहीत उतरवून देण्यासाठी, आणि वहीतले खोटे असेल तर ते खोटे आहे असे सांगण्यासाठी आपले शिक्षण उपयोगी पडले पाहिजे. पाचवीत मला ते जमले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला लिंकनची गोष्ट सांगितली. एवढ्या मोठ्या देशाचा अध्यक्ष, पण चार विसा आणि सात म्हणाला. आजीने नीट ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘त्येची शाळा किती झाली व्हती?’’

मी खरे तेच सांगितले. लिंकन लहानपणी तुटक तुटक शाळेत गेला. सारे दिवस मिळून पुरते एक वर्षही भरत नाही.

‘‘मंग बराबर हाय,’’ आजी म्हणाली आणि गोवऱ्या रचायला उठली. त्या दिवशी मी तिच्याबरोबर मोजायला बसलो. विसांनीच मोजल्या. रेघा तिने भिंतीवर ओढल्या आणि मी वहीत.