गाळा, गल्ला, पार्सल

महाराष्ट्रातली हॉटेलं एका दिवसात बंद झाली नाहीत. पुण्यात ९ मार्च २०२० ला करोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या आठवड्यात फर्ग्युसन रस्त्यावरची गर्दी कुणी न सांगताच पातळ होत गेली. १८ मार्चला नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशननं आपल्या सभासदांना महिनाअखेरपर्यंत बसून खाण्याची सोय बंद ठेवायला सांगितलं. २२ ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री आठला देशभर टाळेबंदीची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगून ठेवलेल्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको.

निर्बंध पूर्णपणे उठले तेही पाडव्यालाच, २ एप्रिल २०२२ ला. या दोन पाडव्यांमधल्या काळात कोण कसं तगलं, याच्या कहाण्या तेव्हा खूप छापून आल्या. क्यूआर कोडचं मेन्यूकार्ड, क्लाउड किचन, इन्स्टाग्रामवरून विकलेले केक असा त्यांचा एकंदर सूर असायचा आणि सगळ्यांचा मथितार्थ एकच, की जो बदलला तो वाचला. मला हे अर्धंच खरं वाटतं. बदलले तर जवळजवळ सगळेच. पण त्यातलं कोण वाचणार, याचा निकाल बहुतेक ठिकाणी भटारखान्यात लागला नाही. तो भाडेकरारात लागला.

छोट्या हॉटेलाचं गणित रोजच्या गल्ल्यावर चालतं. सकाळी दूध, भाजी, गॅस. महिन्याला पगार, वीज, भाडं. शिल्लक फारशी नसते, माल नाशवंत असतो आणि गिऱ्हाईक टेबलावर किती वेळ बसतं यावर नफा ठरतो. हा गल्ला शून्य झाला की पाण्याचं बिलसुद्धा जड जातं. अशा वेळी पन्नास-साठ वर्षांपूर्वी आजोबांनी पागडीनं किंवा विकत घेतलेला गाळा असेल, तर हॉटेल कुलूप लावून झोपू शकतं. लिव्ह अँड लायसन्सवर घेतलेला, पाच-सहा महिन्यांचं डिपॉझिट अडकलेला गाळा असेल, तर कुलपाच्या आतही भाड्याचं मीटर फिरत राहतं. दादर-माटुंग्याची जुनी उडपी हॉटेलं आणि पुण्याच्या पेठांतले जुने मिसळवाले बऱ्यापैकी टिकले आणि कोरेगाव पार्क, बाणेर, लोअर परळ इथली देखणी नवी कॅफे पटापट मिटली, यात चवीचा भाग थोडा आणि जागेचा जास्त. तीच गोष्ट दुसऱ्याकडून चालवायला घेतलेल्या परमिट रूमची. गिऱ्हाइकाला बसवून दारू देता येत नव्हती, पण मूळ मालकाला द्यायची ठरलेली रक्कम होतीच.

भाडं माफ व्हावं म्हणून लोक कोर्टातही गेले. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका जोड्यांच्या दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२० मध्ये सांगितलं, की जागा ताब्यात ठेवायची असेल तर निव्वळ टाळेबंदीच्या कारणानं भाडं थांबवता येणार नाही. फार तर हप्ते पुढे-मागे करता येतील. महाराष्ट्र सरकारनं एप्रिलमध्ये घरमालकांना तीन महिने भाडं पुढे ढकलण्याची सूचना केली होती, पण तो विषय राहत्या घरांचा होता. गाळेधारकांनी आपापल्या मालकाला गाठून तोडगा काढायचा होता. कुणी निम्म्यावर आणलं, कुणी विक्रीतला हिस्सा कबूल केला. बऱ्याच जणांनी डिपॉझिटमधून कापून घ्या म्हणून सांगितलं आणि ते संपल्यावर शटर ओढलं.

जागेनंतर प्रश्न माणसांचा. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आचारी उडुपीकडचा, तंदूरवाला उत्तरेचा, वेटर ओडिशाचा किंवा नेपाळी, असा कारभार असतो. यातले बरेच जण हॉटेलच्याच पोटमाळ्यावर झोपतात. मार्चमध्ये ते तिथंच अडकले. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या आणि मिळेल त्या गाडीनं माणसं गावी गेली. मग जून-जुलैत पार्सल सुरू करावं म्हटलं तर डोसा घालणाराच नाही! गल्ल्यावर आयुष्य काढलेले मालक तव्यापाशी उभे राहिले, मुलगा स्कूटरवरून डबे पोचवू लागला, सून फोनवर ऑर्डरी घेऊ लागली. याला तेव्हा ‘कुटुंब एकत्र आलं’ वगैरे म्हटलं गेलं. खरं तर ही बिनपगारी मजुरी होती आणि ती हाताशी होती म्हणून हॉटेल चाललं. वेटरच्या वाट्याला काय आलं हे फार कुणी विचारलं नाही. त्याच्या कमाईत टिपेचा वाटा मोठा असतो आणि पार्सलवर कुणी टिप ठेवत नाही.

पार्सल ही काही महामारीनं शिकवलेली विद्या नव्हे. केळीच्या पानावर कागद आणि दोरा बांधलेला बटाटेवडा आपण कैक वर्षं घरी आणतो आहोत. पण कुठला पदार्थ प्रवास सोसतो आणि कुठला नाही, याचा हिशेब या काळात पहिल्यांदाच सगळ्यांना मांडावा लागला. इडली सोसते. साधा डोसा पंधरा मिनिटांत मऊ पडतो आणि डब्याच्या वाफेत मेण होतो. त्यामुळे उडपी हॉटेलांनी डोशाऐवजी आंबवलेलं पीठ विकायला काढलं, सोबत चटणी आणि सांबार. मिसळवाल्यांना हे सोपं गेलं, कारण मिसळ मुळातच सुट्या भागांची. उसळ एका पिशवीत, तर्री दुसरीत, फरसाण आणि कांदा-लिंबू वेगळं, पाव वरून. घरी जाऊन ज्यानं त्यानं जमवायचं. बिर्याणी दमावरची, झाकणाखाली तासभर गरम राहणारी. स्विगीच्या २०२० च्या वार्षिक आकडेवारीत देशात सर्वाधिक मागवलेला पदार्थ बिर्याणीच निघाला, त्यात आवडीइतकंच या गुणाचंही श्रेय असावं. उलट माटुंग्याच्या रामा नायकांच्या १९४२ च्या बोर्डिंगसारख्या ठिकाणी, जिथे केळीच्या पानावर वाढपी फिरत राहतो आणि आग्रह हाच जेवणाचा भाग असतो, तिथलं काय पार्सल करणार? भात आणि रसम डब्यात भरता येतं, पंगत नाही.

(या पार्सलनं आणखी एक गोष्ट परत आणली. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर जरा मागे हटलेले डबे, चमचे, पिशव्या दुप्पट जोमानं आल्या आणि स्वच्छतेच्या नावाखाली कुणी हरकतही घेतली नाही.)

सुरुवातीचे महिने तर पार्सलचीही भीती होती. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीत पिझ्झा पोचवणारा एक मुलगा बाधित निघाला आणि ७२ कुटुंबांना घरात राहायला सांगण्यात आलं. ती बातमी देशभर फिरली. बाहेरचं अन्न घरात घ्यायचं की नाही यावर घरोघर वाद झाले. यातून मार्ग निघाला तो ओळखीतून. ज्या हॉटेलात वर्षानुवर्षं बसलो, त्याच्या मालकाचा फोन नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, शनिवारी वीस-पंचवीस घरांची ऑर्डर एकदम गेटवर उतरू लागली. अ‍ॅपला कमिशन नाही, पोचवणारा ओळखीचा. त्या वर्षाची खरी नवलाई मला यात दिसते.

कारण अ‍ॅपवर विक्री होत होती तरी हातात काही उरत नव्हतं. बिलाचा पाचवा ते चौथा हिस्सा कमिशनात जायचा, वर सवलतींचा भार. टेबलावर दहा जण बसले तर चहा, ताक, आइस्क्रीम विकलं जातं आणि नफा त्यातच असतो. घरी मागवणारा ताक घरचंच पितो. हॉटेलवाले आणि अ‍ॅपवाले यांचं भांडण करोनाआधीचं, ऑगस्ट २०१९ मधल्या, अ‍ॅप सोडण्याच्या ‘लॉगआउट’ मोहिमेपासूनचं. टाळेबंदीत हॉटेलवाल्यांना तिथून लॉगआउट करणंच परवडेना. जुलै २०२१ मध्ये, झोमॅटोचे शेअर बाजारात आले त्याच महिन्यात, रेस्टॉरंट असोसिएशननं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली आणि एप्रिल २०२२ मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला.

दरम्यान सरकारी नियमांची चक्रं फिरत होती. जून २०२० पासून ‘पुनश्च हरिओम’ सुरू झालं, पण निम्म्या क्षमतेनं बसून खायला परवानगी मिळाली ५ ऑक्टोबरला. एकाआड एक टेबलावर फुल्या आल्या, दारात थर्मामीटरची बंदूक आली. डिसेंबरात रात्रीची संचारबंदी, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सल. त्या उन्हाळ्यानंतर तर अजब प्रकार झाला. बऱ्याच जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत उघडी आणि हॉटेलं दुपारी चारला बंद! ज्या धंद्याची कमाई संध्याकाळी सुरू होते, त्याला संध्याकाळ सोडून बाकी सगळं दिलं. मुंबईतल्या हॉटेलवाल्यांच्या ‘आहार’ संघटनेनं आरडाओरडा केला. १५ ऑगस्टपासून रात्री दहापर्यंत वेळ मिळाली, तीही लस घेतलेल्या कर्मचाऱ्यांच्या अटीवर. मध्यरात्रीपर्यंतची वेळ ऑक्टोबरात आली आणि जानेवारीत ओमायक्रॉननं पुन्हा आकसली. भाजीवाल्याला उद्या किती किलो सांगायचं हेच कळत नसेल, तर माणूस काय धंदा करणार.

मदत आली ती मुख्यतः कर्जाच्या रूपात. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबवले, पण व्याज चढत राहिलं. सरकारी हमीच्या कर्जयोजनेत हॉटेल व्यवसायासाठी वेगळी तरतूद झाली ३१ मार्च २०२१ ला, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर. पथारीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये दहा हजारांचं स्वनिधी कर्ज आलं. गंमत अशी की त्याच काळात सरकार स्वतःच स्वस्त खानावळ चालवत होतं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांवर आली आणि दुसऱ्या लाटेत फुकट मिळू लागली. ती केंद्रं बहुतेक छोटी हॉटेलं, खानावळी आणि बचत गटच चालवत होते. थाळीमागे मिळणाऱ्या अनुदानावर काही चुली पेटत्या राहिल्या. माझ्या मते हॉटेलांना दिलेली ही सगळ्यात शहाणी मदत होती, जरी ती त्या हेतूनं आखलेली नव्हती.

आता ज्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं गेलं, त्या खानावळी. पुण्यात सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या मेस एमपीएससी करणाऱ्या मुलांवर चालतात. मार्च २०२० मध्ये मुलं गावी गेली. ५ एप्रिलची पूर्वपरीक्षा पुढे गेली, मग पुन्हा गेली, आणि ११ मार्च २०२१ ला ती आणखी एकदा पुढे ढकलल्याचं जाहीर झाल्यावर मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली. बातमी मुलांची होती. पण तारखा पाहून डाळ-तांदूळ भरणाऱ्या मेसवाल्या बायकांचंही वेळापत्रक तेच होतं. परीक्षा ठरली की मुलं येणार, महिन्याचे पैसे आगाऊ मिळणार. पुढे गेली की निम्मी परत जाणार, काहींची उधारी वहीतच राहणार. महाविद्यालयं नीट उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.

खानावळीतले जेवणारे असे निघून जाणं मुंबईनं आधी पाहिलेलं आहे. गिरणगावात हजारो बायका राहत्या घरात कामगारांना जेवू घालत. सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, कामगार कोकणात आणि घाटावर गेले आणि जेवणारेच उरले नाहीत. त्या वेळी ज्या बायकांच्या पाठीशी मंडळ होतं, त्यांना दुसऱ्या कामाकडे वळायला निदान आधार होता. २०२० मध्ये पेठेतल्या मेसवालीच्या मागे अशी संघटना नव्हती. तिच्याकडे परवाना असलाच तर साधी नोंदणी, भाडेकरार तोंडी, बँकेत दाखवायला उलाढाल नाही. त्यामुळे हमीचं कर्ज तिच्यापर्यंत पोचणं अवघडच. ज्या वाचल्या त्यांनी आजाऱ्यांचे डबे दिले. घरी विलग राहिलेल्या कुटुंबांना दोन वेळचं वरण-भात-पोळी-भाजी हवी होती आणि ती देणारं त्यांच्याइतकं सरावाचं कुणी नव्हतं.

रेस्टॉरंट असोसिएशनच्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशातला हा धंदा निम्म्याहून अधिक आकसला, चौथा हिस्सा ठिकाणं कायमची बंद झाली आणि सुमारे २४ लाख रोजगार गेले. कुकर आणि दोन शेगड्यांवर चालणारी सदाशिव पेठेतली मेस या मोजदादीत कितपत आली असेल, याची मला शंका आहे.

निर्बंध उठले तेव्हा आणखी एक धक्का आधीच येऊन थांबला होता. खाद्यतेल २०२१ भर महागच राहिलं आणि त्या नोव्हेंबरात दिल्लीत व्यावसायिक गॅसचं सिलिंडर दोन हजारांवर गेलं. मिसळ, थाळी, वडापाव सगळ्यांचे दर चढले आणि तेव्हा चढलेले पुन्हा उतरले नाहीत. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, पण दोन वर्षं घरचं खाऊन लोक इतके कंटाळले होते, की २०२२ च्या उन्हाळ्यात टेबलासाठी पुन्हा रांगा लागल्या. मधल्या काळात रिकाम्या झालेल्या गाळ्यांना नवे भाडेकरू मिळाले, बहुतेक पुन्हा हॉटेलवालेच. त्यातले वकिलाला विचारून सही करणारे आता महामारीचं कलम घालून घेतात: सरकारी आदेशानं धंदा बंद राहिला तर भाड्याचं काय, ते आधीच लिहून ठेवतात. मेस मात्र अजून तोंडी करारावरच चालतात.