खोट्या सादेची जोखीम

बीदरच्या तांबड्या माळावर पारधी तित्तर कसे धरीत, हे माझ्या वडिलांनी संस्थानी काळात डोळ्यांनी पाहिले होते. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून झुडपापाशी ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे आणि आपण दूर दडायचे. पिंजऱ्यातला ओरडला, की रानातला नर आपल्या हद्दीत कोण शिरला म्हणून चवताळून येतो आणि फाशात सापडतो. सारा कारभार सुराचा; दरबारी गवयाला त्याची भुरळ न पडती तरच नवल!

एकदा वडिलांनी थट्टेने झुडपाआड बसून तित्तराची साद काढली. ती इतकी हुबेहूब उतरली, की पलीकडच्या बांधावरील कोण्या शिकाऱ्याने आवाजाच्या रोखाने बार टाकला. चार छर्रे डाव्या दंडात शिरले. ते वण दाखवून वडील म्हणत, "एवढी दाद मला कुठल्या मैफलीत मिळाली नाही!"

घडा बुडण्याचा आवाज ऐकून दशरथाने हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावण गेला. चूक तीच. अमेरिकेत टर्की पक्ष्याची शिकार आजही कायदेशीर आहे. तिथे नकली मादी मांडून तिची साद घालतात, आणि वर्दळीच्या सार्वजनिक रानात एक शिकारी दुसऱ्याच्या सादेला भुलतो. म्हणून तिथले जाणते सांगतात: नकली पक्षी झाकून न्यावा, खांद्याहून रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावे, नराच्या डोक्याचे लाल, पांढरे, निळे रंग अंगावर नसावेत, कोणी येताना दिसला तर हात न हलवता, पक्ष्याची साद न घालता माणसाच्या आवाजात मोठ्याने बोलावे, आणि पक्षी पुरता ओळखल्यावाचून चाप ओढू नये.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त म्हटले आहे, की व्याधाच्या गीताला लुब्ध होऊन हरणाचे पाडस जीवही देते. आम्ही गवई हा नादाचा महिमा म्हणून सांगत आलो. पाडसाच्या बाजूने मात्र आमच्यापैकी फारसे कोणी बोलले नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तित्तराची अशी शिकार गुन्हा आहे. पण पिंजऱ्याची जागा आता ध्वनिमुद्रणाने घेतली आहे. परवा शिकवणीला आलेल्या एका मुलाने कौतुकाने मोबाइलवर तित्तराची साद वाजवली. खिडकीबाहेरच्या माळावरून लगेच उत्तर आले; दुसऱ्यांदा आले ते अधिक जवळून. मी त्याला ते बंद करायला लावले, तंबोरा खाली ठेवला आणि वडिलांच्या दंडाची हकीकत सांगितली.