उडत्या विमानात इंधन भरताना

निमगाव सावाच्या शिवारात कांद्याच्या वाफ्यापाशी उभे असताना कधी तरी अचानक गडगडाट होतो. मान वर करून आवाजाच्या दिशेला पाहावे, तर तिथे काहीच नसते. विमान केव्हाच पुढे गेलेले असते. पुण्याजवळचा लोहगावचा हवाई तळ इथून सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर म्हणजे जेमतेम चार मिनिटांचा रस्ता. सुखोई-३० जातीची विमाने १९९७ साली भारतात प्रथम लोहगावलाच दाखल झाली. मुले अशा वेळी हमखास विचारतात, "याचे पेट्रोल वाटेत संपले तर?"

पहिली दुरुस्ती, ते पेट्रोल नसते. जेट विमानाचे इंधन आपल्या रॉकेलचे जवळचे भाऊबंद आहे. आता मुख्य प्रश्न. सुखोई-३० एमकेआय आपल्या टाक्यांत साडेनऊ टनांच्या आसपास इंधन घेते आणि त्यावर सुमारे ३००० किलोमीटर जाते. मग टाक्याच मोठ्या का करू नयेत? कारण इंधनालाही वजन असते आणि ते वजन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन लागते. शिवाय धावपट्टीवरून किती वजन उचलता येईल याला मर्यादा असते. म्हणून शस्त्रे भरून, इंधन कमी घेऊन उडायचे आणि वर गेल्यावर टाक्या भरायच्या, असा मार्ग काढला गेला.

ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे. २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत स्मिथ आणि रिक्टर या वैमानिकांच्या विमानात वरच्या विमानातून सोडलेल्या नळीने इंधन उतरवले गेले. खालच्या माणसाने लोंबकळती नळी चक्क हाताने पकडली! पाचच महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, टेक्सासमध्ये अशीच नळी इंधन देणाऱ्या विमानाच्या पंखात अडकली. ते विमान कोसळले आणि लेफ्टनंट वॅग्नर मृत्युमुखी पडले. या कामातला हा पहिला बळी. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. १९४९ मध्ये 'लकी लेडी टू' या विमानाने हवेतच चार वेळा इंधन घेत ९४ तासांत, कुठेही न उतरता, पृथ्वीप्रदक्षिणा केली.

भारतीय हवाई दलाकडे २००३ पासून आग्र्याला इल्युशिन-७८ ही इंधनवाहू विमाने आली. या विमानातून तीन लांब नळ्या मागे सोडता येतात. प्रत्येक नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते. इंधन घेणाऱ्या विमानाच्या नाकाजवळ एक दांडा असतो. तो टोपलीत नेमका खुपसायचा की झडप उघडते आणि इंधन वाहू लागते. १० सप्टेंबर २०१८ रोजी स्वदेशी तेजस विमानाने अशा रीतीने २०,००० फूट उंचीवर १९०० किलो इंधन घेतले. त्या वेळी वेग होता २७० नॉट, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर.

सेकंदाला जवळजवळ १४० मीटर! मग दांडा टोपलीत जातो कसा? इथे सापेक्ष वेगाचा धडा कामाला येतो. दोन्ही विमाने त्याच वेगाने जात असल्याने मागच्याला पुढचे जवळजवळ स्थिर दिसते. मागचे विमान टोपलीकडे सरकते ते भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. अडचणी वेगळ्याच आहेत. बादलीत तरंगणारा चेंडू पकडायला हात पुढे केला की हाताने ढकललेल्या पाण्याबरोबर चेंडूही दूर सरतो; तशी विमानाच्या नाकाने रेटलेली हवा टोपलीला बाजूला ढकलते. एसटीच्या मागे सायकल चालवणाऱ्याला बसतात तसे पुढच्या विमानाच्या हवेचे हेलकावे बसतात. आणि इंधन येत जाते तसे आपलेच विमान जड होत जाते, म्हणून इंजिनाचा जोर सतत जुळवावा लागतो. हे सारे चालू असताना वैमानिकाची नजर पुढच्या विमानावरून हलत नाही.

याच नजरेत एक धोका आहे. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि वळल्याची जाणीव होते. पण वळण बराच वेळ एकसारखे चालू राहिले तर द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो आणि जाणीव नाहीशी होते. पुढे विमान सरळ झाले की उलट बाजूला वळल्याचा भास होतो. दिवसा क्षितिज दिसते, म्हणून भ्रम फिटतो. रात्री किंवा ढगात क्षितिज नाही. अशा वेळी शरीरावर नव्हे, यंत्रावर विश्वास ठेवावा असे वैमानिकाला शिकवतात. इंधन घेणाऱ्याला मात्र यंत्राकडे पाहायला फारशी उसंतच नसते!

हा भ्रम केवळ इंधन भरतानाच होतो असे नाही. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ राजस्थानात सुरतगडजवळ उड्डाणानंतर लगेचच कोसळले. वैमानिकाला भ्रम झाला असावा, असे कारण पुढे आले. आई कविता गाडगीळ यांनी ते मानले नाही. विमानाच्या सुरक्षिततेविषयी त्या जाहीरपणे प्रश्न विचारत राहिल्या. आम्हाला त्यांचे विचारणे शास्त्रीय वाटते. भ्रम मागे खूण ठेवत नाही. तुटलेला सुटा भाग निदान सापडू तरी शकतो. म्हणून 'मानवी चूक' हे उत्तर सोपे असते आणि ज्याच्यावर ते येते तो बोलायला हयात नसतो. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, की ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतले ८ जण दगावले. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

गेलेल्या सोबत्याला वैमानिक हवेतच मानवंदना देतात. बाणाच्या आकारात विमाने येतात आणि एक जागा रिकामी ठेवलेली असते, किंवा त्यातले एक विमान एकाएकी सरळ वर निघून जाते. खाली उभे असलेले सहकारी ती मोकळी जागा पाहत राहतात.

कर्णनलिकांचा प्रयोग वर्गात करता येईल. एका विद्यार्थ्याला फिरत्या खुर्चीवर डोळे बांधून बसवा. खुर्ची सावकाश, एकाच वेगाने अर्धा मिनिट फिरवा आणि त्याला ज्या बाजूला फिरतो आहोत असे वाटेल तिकडे अंगठा दाखवायला सांगा. थोड्या वेळाने अंगठा घुटमळू लागेल. मग खुर्ची हळूच थांबवा. थांबल्यावर बहुधा तो उलट दिशा दाखवील आणि वर्ग हसेल. त्याला लगेच उठू देऊ नका. दोघांनी खुर्ची धरून ठेवावी.