२०३८ चा पेच : घड्याळ बदला, पण जुने सॉफ्टवेअर मोडू नका!

- प्रतिनिधी

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतीय वेळेनुसार सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. त्यानंतरच्या सेकंदाला जगभरातील अनेक जुन्या धाटणीच्या संगणकांचे आणि यंत्रांचे घड्याळ पुढे सरकण्याऐवजी एकदम डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पोहोचण्याची भीती आहे. 'वायटूके'नंतरचे हे दुसरे मोठे कालसंकट. त्यावरचा उपाय तज्ज्ञांना केव्हाच सापडला आहे. मात्र जुन्या सॉफ्टवेअरला धक्का न लावता तो अमलात आणणे, ही खरी कसोटी ठरली आहे.

अडचण कोठे आहे?

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने घालून दिलेल्या प्रथेनुसार संगणक तारीख लिहून ठेवत नाही, तर १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजतो. हा आकडा ज्या प्रकारच्या जागेत ठेवला जातो, तिला 'टाइम-टी' म्हणतात. जुन्या संगणकांत ही जागा चार बाइटची, म्हणजे ३२ बिटची होती. त्यातील एक बिट धन-ऋण चिन्हासाठी जात असल्याने तिच्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ एवढाच. तो ओलांडताच मोजणी ऋण बाजूला उलटते आणि संगणक ती १९७० च्या आधीची तारीख समजतो.

ऋण चिन्हच रद्द केले तर २१०६ पर्यंतची मुदत मिळते. पण मग १९७० पूर्वी जन्मलेल्या व्यक्तीची जन्मतारीखही त्या जागेत बसत नाही. म्हणूनच जागा दुप्पट करून ती आठ बाइटची, म्हणजे ६४ बिटची करावी, हा मार्ग सर्वमान्य झाला. एवढ्या जागेत सुमारे २९ हजार कोटी वर्षे मावतात.

रकाने सरकले, तर...

हा बदल वरवर सोपा भासतो. परंतु कोणताही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. तो लायब्ररी नावाच्या तयार सॉफ्टवेअरची मदत घेतो आणि लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी बोलते. माहितीच्या तुकड्यात वेळ कोठे आहे आणि ती किती बाइटची आहे, हे या तिघांत आधीच ठरलेले असते.

बँकेच्या छापील अर्जाचे उदाहरण घेता येईल. पहिले चार चौकोन तारखेचे आणि पुढचे रकमेचे, असे ठरले आहे. एका शाखेने तारखेला आठ चौकोन दिले आणि दुसरी शाखा जुन्याच पद्धतीने अर्ज वाचत राहिली, तर तारखेचा उरलेला भाग रक्कम म्हणून वाचला जाईल. संगणकातही नेमके हेच होते. प्रोग्रॅम अनेकदा बंद पडत नाही, चुकीचा संदेशही देत नाही. तो निमूटपणे चुकीची माहिती वापरत राहतो.

तीन वाटा

या पेचातून वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या वाटा काढल्या. नेटबीएसडीने २०१२ मध्ये ६.० आवृत्तीत वेळ ६४ बिटची केली आणि जुन्या प्रोग्रॅमसाठी जुनी व्यवस्थाही चालू ठेवली. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये ५.५ आवृत्तीत जुन्याशी नाते तोडले. सारे प्रोग्रॅम नव्याने तयार करणे वापरणाऱ्यांना भाग पडले.

लिनक्सला एवढा कठोर निर्णय घेणे शक्य नव्हते. जुने प्रोग्रॅम चालत राहिले पाहिजेत, हा त्याच्या कर्नलचा दंडक आहे. त्यामुळे २०१९ मध्ये ५.१ आवृत्तीत जुन्या दारांशेजारी ६४ बिट वेळेची नवी दारे उघडण्यात आली, तर २०२० मधील ५.६ आवृत्तीने ३२ बिटच्या यंत्रांना २०३८ ओलांडण्याची सोय दिली. पुढे २०२१ मध्ये 'जीलिबसी' या मुख्य लायब्ररीच्या २.३४ आवृत्तीने जुनी किंवा नवी वेळ निवडण्याची मुभा प्रोग्रॅमरला दिली.

मात्र या मुभेतूनच नवा धोका निर्माण झाला. लायब्ररी नव्या वेळेची आणि प्रोग्रॅम जुन्या वेळेचा, अशी सरमिसळ झाली तर? डेबियन या लिनक्स वितरणाने त्यावर साधी युक्ती योजली. बाधित लायब्रऱ्या नव्याने तयार करून त्यांच्या पॅकेजच्या नावापुढे 'टी-६४' ही खूण जोडण्यात आली. नावच बदलल्याने जुना प्रोग्रॅम चुकून नव्या लायब्ररीशी जोडला जाण्याला आळा बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये हे स्थित्यंतर पूर्ण झाले. अपवाद फक्त 'आय-३८६' या जुन्या पीसींच्या आवृत्तीचा. जुने तयार प्रोग्रॅम चालवणे हाच तिचा मुख्य उपयोग उरला असल्याने तिची वेळ ३२ बिटचीच ठेवण्यात आली.

सामान्यांचा संबंध काय?

आजचे बहुतेक संगणक व नवे मोबाइल ६४ बिटचे आहेत. तरीही ते आपोआप सुरक्षित ठरत नाहीत. प्रोग्रॅमरने वेळ चार बाइटच्या साध्या संख्येत साठवली असेल किंवा 'ईएक्सटी-३' सारख्या जुन्या फाइल व्यवस्थेत तारखेला चारच बाइट असतील, तर संगणक नवा असूनही अडचण कायम राहते.

शिवाय, ही अडचण २०३८ उजाडेपर्यंत थांबणारी नाही. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडचा आहे. त्याचे वेळापत्रक मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला ती तारीख आजच ओलांडावी लागते.

सर्वाधिक काळजी आहे ती एकदा बसवली की वर्षानुवर्षे कोणी हात न लावणाऱ्या यंत्रांची. कारखान्यांतील नियंत्रक, राउटर, मीटर यांत ३२ बिटचे प्रोसेसर आजही वापरात आहेत आणि त्यांतील अनेकांचे सॉफ्टवेअर बदलण्याची सोयच नसते. त्यामुळे दीर्घकाळ चालणारी यंत्रे खरेदी करताना त्यांची वेळ ३२ बिटची की ६४ बिटची, आणि त्यांचे सॉफ्टवेअर पुढे बदलता येईल का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला आताच विचारायला हवेत.