सोसायटीचे 30 लाख, विमा 5 लाखांचा
बँक आणि आपण : भाग 6

मीरा रोडच्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदार दरवर्षी मुदत ठेवींची यादी वाचून दाखवतात. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड मिळून 30 लाख, सगळे एकाच सहकारी बँकेत. व्याजदरावर चर्चा होते, पाण्याच्या टाकीवरून वाद होतो, हिशेब मंजूर होतात. यातल्या किती पैशांना विमा आहे, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. फक्त 5 लाखांना आहे.

ठेव विमा ही मंदीची देण आहे. अमेरिकेत 1930 ते 1933 या काळात सुमारे 9,000 बँका बुडाल्या. बँकेने आपले पैसे कर्जाऊ दिलेले असतात. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले तर धडधाकट बँकही कोलमडते. रूझवेल्ट यांनी मार्च 1933मध्ये देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि जूनमध्ये कायदा झाला. 1 जानेवारी 1934पासून प्रत्येक ठेवीदाराला 2,500 डॉलरपर्यंत हमी मिळाली. पैसे बुडणार नाहीत म्हटल्यावर रांग लावायचं कारणच उरलं नाही.

आपल्याला जाग आली 1960मध्ये. केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर 1 जानेवारी 1962पासून 1,500 रुपयांचा विमा सुरू झाला. ही मर्यादा वाढत वाढत 1993मध्ये 1 लाखावर आली आणि पुढची जवळजवळ 27 वर्षं तिथेच थांबली.

मग 23 सप्टेंबर 2019 उजाडला. सोसायट्यांच्या सभांचेच दिवस होते. रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. बँकेच्या एकूण कर्जापैकी 70 टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच समूहाकडे अडकलं होतं. विमा होता, पण तो बँक अवसायनात निघाल्यावरच मिळायचा. निर्बंधांच्या काळात औषधपाण्यासाठी पैसे हवे असणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माझ्या मते कायद्यातली सर्वांत क्रूर फट हीच होती. 4 फेब्रुवारी 2020पासून मर्यादा 5 लाख झाली. 2021च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद केली. फट बुजली, पण किती ठेवीदारांचे हाल झाल्यावर!

आता आपल्या यादीकडे वळू. एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज मिळून, 5 लाख. शाखा बदलली तरी हिशेब एकच. विम्याच्या लेखी 64 घरांची सोसायटी म्हणजेही एकच ठेवीदार. मीरा-भाईंदरसारख्या सोसायट्यांच्या शहराला हे फार महागात पडू शकतं. सोसायट्यांसाठी वेगळी, सभासदसंख्येवर बेतलेली मर्यादा असायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर यंदाच्या सभेत मी ठराव मांडणार आहे : 30 लाख सात बँकांत, प्रत्येकीत साडेचार लाखांच्या आत, म्हणजे व्याजही विम्यात बसेल. खजिनदारांना सात पासबुकं सांभाळावी लागतील. परवा जिन्यात भेटले तेव्हा त्यांना विचारलं. म्हणाले, "सांभाळीन की, त्यात काय!"