धान्य फुकट, मग कुपोषण कसले?

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की मेळघाटातील बालमृत्यूंचा विषय सभागृहात निघतो, आणि तो निघाला की पानठेल्यापासून वृत्तवाहिन्यांवरील चर्चेपर्यंत एकच प्रतिप्रश्न कानी येतो : कंट्रोलमधून, म्हणजे विदर्भाच्या बोलीत रास्त भाव दुकानातून, माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत असताना कुपोषण राहतेच कसे? विचारणाऱ्याला उत्तर हवे असते असे क्वचितच दिसते; आकडेवारी फुगवलेली आहे किंवा आया निष्काळजी आहेत, असा निष्कर्ष त्याने आधीच काढलेला असतो. सुशिक्षितांच्या तोंडीही हा समज इतका रुळला आहे की त्याचा हिशेब एकदा सविस्तर मांडणे भाग आहे.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. ग्रामीण लोकसंख्येच्या ७५ टक्के व शहरी लोकसंख्येच्या ५० टक्के लोकांपर्यंत या कायद्याची व्याप्ती असून, प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबांना प्रत्येकी ३५ किलो धान्य मिळते. तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये असा असलेला दर जानेवारी २०२३ पासून शून्य झाला. ८० कोटींहून अधिक लोकांना आधार देणारी ही व्यवस्था क्षुल्लक नाही आणि तिने पुष्कळ घरांतील उपासमार टाळली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ५ किलोंना ३० दिवसांनी भागले की दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य येते, आणि त्यातून पावणेसहाशेच्या आसपास किलोकॅलरी ऊर्जा व जेमतेम १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळतात. बैठे काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाची दिवसाची ऊर्जेची गरज हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुमारे २१०० किलोकॅलरी धरली आहे. म्हणजे फुकट धान्याने तिचा चौथा हिस्सा कसाबसा भरतो. डाळ, तेल, दूध, अंडी, भाजी यांचा या कायद्यातील धान्यात समावेशच नाही, आणि ती बाजारभावानेच घ्यावी लागतात.

हा हिशेब मोठ्या माणसाचा झाला. कुपोषणाचे मोजमाप मात्र पाच वर्षांखालील मुलांवर होते, आणि तिथे धान्याचा तर्क आणखीच लंगडा पडतो. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुजेपण, आणि ते दीर्घकाळच्या आबाळीची खूण मानले जाते. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे कृशता, आणि ती अलीकडच्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण असते. खुजेपणाची बहुतेक पायाभरणी गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे एक हजार दिवसांत होते. त्यांपैकी पहिले नऊ महिने बाळ आईच्या पोटात असते आणि पुढचे सहा महिने त्याला आईच्या दुधाखेरीज काहीही देणे योग्य नसते. या काळात शिधापत्रिकेवरील तांदूळ बाळापर्यंत पोहोचतो तो फक्त आईच्या शरीरातून, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, तर २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाच्या आत झालेली आहेत. जिची स्वतःची वाढ पुरती झालेली नाही, तिच्या पोटी अडीच किलोंहून कमी वजनाचे बाळ जन्मले तर दोष कोणत्या दुकानदाराला द्यायचा?

सहा महिने उलटल्यावर वरचे अन्न सुरू होते, तेव्हा बाळाचे पोट लहान आणि वाढीचा वेग मोठा असतो. त्यामुळे त्याला थोडे थोडे, पण घट्ट, तेला-तुपाचे, डाळीचे, शक्य तर अंड्याचे अन्न दिवसातून अनेकदा भरवावे लागते. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत त्याच्या वाट्याला वरणाच्या वरचे पाणी आणि पातळ पेज येते, कारण आईला पहाटेच धानाच्या बांधावर किंवा कापूस वेचायला जायचे असते आणि मूल आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी राहते. याच सर्वेक्षणात देशातील ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले अवघी ११.३ टक्के आढळली. त्यात दूषित पाण्यामुळे वारंवार हगवण लागली की खाल्लेलेही अंगी लागत नाही. घरात धान्याची पोती असतील, तरीही हे सगळे घडू शकते.

विशेष म्हणजे, ज्या कायद्याचा दाखला देऊन हा प्रश्न विचारला जातो, त्या कायद्यालाही धान्य पुरेसे वाटलेले नाही. गर्भवती व स्तनदा मातांना मोफत आहार आणि किमान ६००० रुपयांचा मातृत्व लाभ कलम ४ मध्ये आहे, आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंगणवाडीतून मोफत आहार देण्याचे बंधन कलम ५ मध्ये आहे; त्याची मात्रा कायद्याच्या मूळ अनुसूचीत दिली होती आणि ती ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि कुपोषित बालकासाठी ८०० किलोकॅलरी व २० ते २५ ग्रॅम प्रथिने अशी होती. पाच किलोंचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण पुढची कलमे कुणी वाचत नाही. अंगणवाडीत आहार पोहोचला का, हा प्रश्न विचारण्याऐवजी मग आईलाच जाब विचारला जातो.

आता याच सर्वेक्षणाच्या फेऱ्यांमधील आकडे पाहावेत. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांमधील खुजेपण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते, ते २०१५-१६ पर्यंत ३४.४ टक्क्यांवर आले. या दशकात राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये स्थापन करून पहिल्या हजार दिवसांवर भर दिला होता. सर्व श्रेय मिशनचे नाही, कारण मुलींचे शिक्षण, दवाखान्यातील बाळंतपणे आणि वाढते उत्पन्न यांचाही त्यात वाटा होता. पुढच्या, पाचव्या फेरीत, म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याचे धान्य काही वर्षे घरोघरी पोहोचल्यानंतर, खुजेपण ३५.२ टक्के नोंदले गेले, कृशता २५.६ टक्क्यांवरच राहिली आणि तीव्र कृशता ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेली. या फेरीची महाराष्ट्रातील पाहणी २०१९ मध्येच, करोनाच्या आधी, उरकलेली असल्याने साथीकडे बोट दाखवण्याची सोय नाही. तेव्हा धान्य पूर्ण फुकट नव्हते हे खरे. पण दोन-तीन रुपये किलोचा दर शून्य झाल्याने तान्ह्या मुलाच्या ताटात अंडे कसे येईल, हे अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.

दुसरा समज सरकारी कागदांतून जन्मला आहे : मुले कुपोषणाने दगावत नाहीत, न्यूमोनियाने किंवा हगवणीने दगावतात. मृत्यूच्या नोंदीत अखेरचा आजार लिहिला जातो, म्हणून ते तांत्रिकदृष्ट्या खोटे ठरत नाही. मात्र ज्या आजारातून धडधाकट मूल आठवड्यात उठते, तोच आजार कृश मुलाला नेतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पाच वर्षांखालील मुलांच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंशी अपुऱ्या पोषणाचा संबंध असतो. आणि बालमृत्यू अटळ नसतात : गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण देऊन नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले. मृत्यूच्या नोंदीत आजार आणि पोषण यांची फारकत करून कागद स्वच्छ ठेवता येतो, एवढाच तिचा उपयोग.

कुपोषण फक्त कोरकू-माडिया आदिवासींच्या पाड्यांवर असते, हा समज शहरी आकडे न पाहण्यातून येतो. भारतीय मुले वंशानेच बुटकी असतात म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की जागतिक वाढमानके ठरवताना तपासलेल्या सहा देशांत भारत होता, आणि चांगली निगा मिळालेली दिल्लीची मुले नॉर्वेच्या मुलांसारखीच वाढली. गुबगुबीत दिसणारे मूल सुदृढ असतेच असे नाही. दोन्ही पावलांवर सूज असेल तर तेच तीव्र कुपोषणाचे लक्षण असते. आणि ज्या जागतिक भूक निर्देशांकावर दरवर्षी वाद होतो, त्याच्या चार निकषांपैकी तीन मुलांचे आहेत, हे ठाऊक असते तर निम्मा वाद झालाच नसता.

राहता राहिला 'प्लॅस्टिकचा तांदूळ'. कंट्रोलच्या तांदळात वेगळे दिसणारे आणि कधी पाण्यावर तरंगणारे दाणे हे तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रावर घडवलेले असतात, आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात ते मिसळतात. राज्यातील पहिला प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. प्लॅस्टिकची अफवा निव्वळ मूर्खपणाची आहे. सिकलसेलच्या रुग्णांना यातील लोह बाधेल ही शंका मात्र तशी नव्हती, कारण विदर्भात पुष्कळ आढळणाऱ्या या आनुवंशिक आजारात रक्तपेशी लवकर फुटल्याने हिमोग्लोबिन घटते, लोहाच्या अभावामुळे नव्हे. म्हणूनच अशा पोषकयुक्त अन्नासाठीच्या २०१८ च्या नियमात अशा रुग्णांसाठी वेष्टनावर सावधगिरीची सूचना होती, आणि तज्ज्ञांच्या अभ्यासानंतर ती २०२४ मध्ये वगळण्यात आली. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. इतरांनी हे दाणे निवडून फेकू नयेत आणि तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नये, पोषके त्याच दाण्यांत असतात.